छोटे सॅटेलाइट स्पीकर: इंदूरच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, तिलक नगर. वस्ती बदलते, प्रश्न फारसे बदलत नाहीत. हॉल दहा बाय बारा किंवा बारा बाय चौदाचा, खाली टाइल्स, सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला, आणि घरातल्यांची अट एकच: मोठाले खोके नकोत. उत्तरं त्याच हिशेबाने दिली आहेत. एकाच गोष्टीचा दोनदा कीस पाडण्याऐवजी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सॅटेलाइट म्हणजे छोटे स्पीकरच ना? मग वेगळं नाव कशाला?

छोटे खरे, पण अर्धे. खालचे सूर आपण काढायचेच नाहीत असं ठरवूनच ते बनवलेले असतात. साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या खाली त्यांचा आवाज झपाट्याने उतरतो आणि तिथून पुढचं काम सबवूफर करतो. कारण साधं आहे. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढाच मोठा आवाज काढायला कोनला (स्पीकरच्या हलत्या पडद्याला) चौपट पुढेमागे हलावं लागतं. तीन इंची कोन २०० हर्ट्झला एक मिलिमीटर हलत असेल, तर ५० हर्ट्झला त्याला सोळा मिलिमीटर हलावं लागेल. तेवढी जागा त्याच्यात नसतेच.

म्हणून नुसत्या सॅटेलाइटचं कौतुक ऐकून खरेदी करू नका. घ्यायची असते ती जोडी, आणि जोडीचा सांधा नीट बसला नाही तर महागातला महाग सॅटेलाइटसुद्धा डबा वाजल्यासारखा वाजतो. त्या सांध्याबद्दल प्रश्न ४.

२. अडीच इंची, तीन इंची, चार इंची. किती इंचाचा घेऊ?

दहा बाय बाराच्या हॉलला तीन इंची पुरतो. बारा बाय चौदा किंवा त्याहून मोठ्या हॉलला चार इंची घ्या. अडीच इंची आणि त्याखालचे दिसायला गोड असतात, पण बरेचसे १८०-२०० हर्ट्झलाच दम टाकतात. मग पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग सबवूफरकडे ढकलावा लागतो आणि निवेदक सोफ्याखालून बोलतोय असं वाटतं.

ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, वेगळा असलेला मॉडेल शक्यतो निवडा. एकाच कोनवाले वाईट नसतात, पण बाजूला बसलेल्याला झांज, टाळ, तबल्याची चाट मंद ऐकू येते. डब्यावर बोटाच्या पेराने टकटक करून पाहा. पोकळ प्लास्टिक वाजलं तर तोच आवाज पुढे गाण्यातही येणार.

३. दुकानदार म्हणतो, "हजार वॉटचा सेट आहे." खरं असतं का?

बहुतेक वेळा तो पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा असतो आणि त्याला काही अर्थ नाही. सेटची पाठ फिरवून विजेचं लेबल वाचा. तिथे १२० वॉट खर्च लिहिला असेल, तर तो सेट हजार वॉट सतत कुठून देणार? आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद विचारा, आणि तो सगळे चॅनल एकदम चालू असतानाचा आहे का, हेही विचारा.

त्याहून उपयोगी आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे एका वॉटवर स्पीकर किती डेसिबल वाजतो त्याचा. ८५ डेसिबलऐवजी ८८ डेसिबलचा स्पीकर घेतला, की अँप्लिफायरची ताकद दुप्पट केल्याइतका फरक पडतो, तोही फुकटात. आठ-नऊ फुटांवरून रोजचं टीव्ही पाहायला प्रत्येक स्पीकरला जेमतेम एक-दोन वॉट लागतात.

४. क्रॉसओव्हर किती ठेवू? सगळीकडे ८० लिहिलेलं असतं.

क्रॉसओव्हर म्हणजे ज्या आकड्याखालचे सूर सॅटेलाइटऐवजी सबवूफरकडे जातात तो सांधा. ८० हर्ट्झ मोठ्या स्पीकरसाठी. सॅटेलाइटला ८० लावलं तर ८० ते १३० च्या मधला भाग कुणीच वाजवत नाही. सबवूफर तिथवर येत नाही, सॅटेलाइट तिथवर उतरत नाही. आवाज पातळ आणि खाली नुसती धमधम, ही तक्रार आली की दहापैकी नऊ वेळा हेच निघतं.

स्पीकरच्या कागदावर "१२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" असं काही लिहिलेलं असतं. सोबत "±३ डेसिबल" असेल तर आकडा विश्वासाचा. "-१० डेसिबल" असेल किंवा काहीच लिहिलं नसेल, तर खरा आकडा त्याहून बराच वर आहे असं धरा. क्रॉसओव्हर त्या खऱ्या आकड्याच्या थोडा वर ठेवायचा. तीन इंचीला साधारण १५०, चार इंचीला १२० पासून सुरुवात करा.

आता रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या अँप्लिफायरमध्ये. सर्व स्पीकर "स्मॉल" करा, म्हणजे त्यांचे खालचे सूर सबवूफरकडे जातील, मग क्रॉसओव्हरचा आकडा द्या. सबवूफरच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर फिरवा, किंवा एलएफई (सिनेमातला सबवूफरचा वेगळा ट्रॅक) असं लिहिलेल्या इनपुटला वायर लावा. हे राहून गेलं तर एकाच आवाजाला दोन गाळण्या लागतात आणि सांध्यातच खड्डा पडतो. सबवूफरचा व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवा. मेन्यूत "एलएफई एलपीएफ" नावाची वेगळी ओळ असते, ती १२० वर असू द्या. तिचा सॅटेलाइटच्या क्रॉसओव्हरशी संबंध नाही.

शेवटी फेज, म्हणजे सबवूफरचा कोन बाकी स्पीकरांच्या तालात हलतो की उलटा. मोबाइलवरच्या टोन जनरेटरने क्रॉसओव्हरच्या आकड्याचा सूर लावा, नेहमीच्या जागी बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी सबवूफरचा फेज ० आणि १८० असा बदलायला सांगा. ज्यात सूर भरीव ऐकू येईल तो बरोबर.

५. आमच्याकडे शास्त्रीय जास्त ऐकतात. हे स्पीकर गाण्याला चालतील का?

चालतील. पण कुठे ताण येतो ते आकड्यांत बघा. गायकाची पट्टी काळी एक असेल तर मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, मंद्र पंचम १०४ चा आणि तानपुऱ्याचा खर्ज ६९ चा. म्हणजे १५० च्या क्रॉसओव्हरला गायकाच्या षड्जापासून खालच्या सगळ्या सुरांचा पाया सबवूफर वाजवतो.

तानपुरा मात्र फारसा बिघडत नाही. त्याची जवारी वरच्या स्वरांशांत असते आणि ते सॅटेलाइटच वाजवतात. खरी परीक्षा डग्ग्याची. मनगट रेटून घिस्सा काढला की डग्ग्याचा सूर खालून वर सरकतो आणि सरकताना नेमका क्रॉसओव्हरच्या पट्ट्यातून जातो. सांधा बरोबर असेल तर ती घुमक एका जागेवरून, सलग ऐकू येते. चुकला असेल तर सुरुवात कोपऱ्यातल्या सबवूफरमधून, शेवट डावीकडच्या सॅटेलाइटमधून, आणि मध्ये आवाज दबलेला. सेट तपासायला याच्याइतकी स्वस्त आणि कडक कसोटी दुसरी नाही. गाण्यासाठी इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची कुठलीही विलंबित घ्या. मंद्रात उतरलेला आवाज खाँसाहेबांच्याच जागी राहिला पाहिजे, सबवूफरकडे चालत जाता कामा नये.

निव्वळ गाणंच ऐकायचं असेल, सिनेमा क्वचित, तर पाच स्पीकरच्या पैशांत दोन चांगले आणि एक सबवूफर घ्या. गाणं ऐकताना रिसीव्हर स्टीरिओवर ठेवा. सगळ्या स्पीकरांतून गाणं वाजवणारा मोड पाहुण्यांसाठी ठीक, कानांसाठी नाही.

६. मग बुकशेल्फच का घेऊ नये?

बुकशेल्फ म्हणजे कपाटात किंवा स्टँडवर ठेवायचे, सॅटेलाइटपेक्षा मोठे स्पीकर. जागा असेल तर घ्याच. सव्वापाच किंवा साडेसहा इंची बुकशेल्फ ६० हर्ट्झच्या आसपास उतरतो, क्रॉसओव्हर ८० वर जातो आणि प्रश्न ४ व ५ मधली अर्धी डोकेदुखी संपते. पुढे दोन बुकशेल्फ आणि मागे सॅटेलाइट ही तडजोड उत्तम, कारण मागच्या स्पीकरांवर भार कमी असतो. पुढचे तीन (डावा, उजवा आणि मधला सेंटर) मात्र एकाच मालिकेतले हवेत. नाहीतर गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचा आवाज बदलतो.

७. दुकानात ऐकून काय कळणार? तिथे सगळंच भारी वाटतं.

जेल रोडच्या गर्दीत किंवा महाराणी रोडवर दार उघडं टाकून ऐकलं तर काहीच कळत नाही. दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना जा. पेनड्राइव्हवर तीनच गोष्टी न्या: तबल्याचा एकल, पुरुषाचं निवेदन आणि रोजचं एक गाणं. दुकानदाराचा स्फोटांचा डेमो लावू देऊ नका.

निवेदन चालू असताना सबवूफर बंद करायला सांगा. आवाज थोडा बारीक होईल, तेवढं ठीक. पण शब्दच पोकळ झाले तर सॅटेलाइट दुबळे आहेत. मग उलट करा, सॅटेलाइटच्या वायरी काढून फक्त सबवूफर ऐका. त्यातून शब्द ओळखू यायला लागले तर क्रॉसओव्हर फार वर आहे. वायरी काढताना-लावताना अँप्लिफायर बंद असू द्या. दोन सेटची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. जरासा मोठा आवाज नेहमीच "चांगला" वाटतो, आणि दुकानदाराला हे आपल्याआधी माहीत असतं.

८. बारा बाय चौदाच्या हॉलमध्ये कुठे काय लावायचं?

पुढचे दोन टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, तुमच्या बसण्याच्या जागेपासून साधारण ३० अंशांत. दोन पुढच्या स्पीकरांतलं अंतर आणि त्यांचं तुमच्यापासूनचं अंतर जवळपास सारखं आलं की झालं. ट्वीटर कानाच्या उंचीला, म्हणजे सोफ्यावर बसल्यावर जमिनीपासून तीन-सव्वातीन फूट.

मागचे दोन खरं तर तुमच्या जराशा मागे, ११० अंशांवर हवेत. पण सोफा भिंतीला टेकलेला असतो. मग त्यांना बाजूच्या भिंतींवर, तुमच्या बरोबरीने, कानाच्या फूट-दीड फूट वर लावा. डोक्यामागच्या भिंतीवर लावले तर जवळच्या कानात तोच एक स्पीकर ओरडत राहतो. सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढता आला तर खालच्या सुरांची घुमघुमही कमी होते.

स्पीकरला मागे भोक, म्हणजे पोर्ट असेल तर भिंतीपासून चार-पाच इंच सोडा. टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबू नका.

९. भिंतीला टांगताना काय काळजी घ्यावी?

६ मिलिमीटरचा बिट, ६ ची गिट्टी (प्लास्टिकचा प्लग), ४० मिलिमीटर खोल भोक. इतकं खोल कारण प्लास्टरच १२-१५ मिलिमीटर असतं, गिट्टी त्याच्या पलीकडे विटेत बसली पाहिजे. नुसत्या प्लास्टरमधली गिट्टी पहिल्या पावसाळ्यात सैल होते. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल मारू नका, तिथून विजेचा पाइप गेलेला असतो.

बऱ्याच सॅटेलाइटच्या पाठीला पाव इंची, इंचाला २० आट्यांचं भोक असतं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधला ६ मिलिमीटरचा बोल्ट त्यात दोन-तीन आटे जातो आणि अडकतो. तिथे जोर लावलात तर आटे गेलेच समजा. स्पीकरच दुकानात घेऊन जा आणि बोल्ट लावून पाहा.

१०. वायर कुठली? दुकानात जाड पारदर्शक वायर फार महाग सांगतात.

तांब्याची, बारीक तारांची, टू कोर, दीड एमएम. घरात एवढी पुरते. हिशेब असा: दीड एमएमच्या तांब्याला मीटरमागे सुमारे ०.०११५ ओहम. मागच्या स्पीकरपर्यंत १२ मीटर, जाऊन येऊन २४, म्हणजे ०.२८ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला हे साडेतीन टक्के, चालतं. पाच टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. पाऊण एमएमची वायर तेवढ्याच अंतराला सात टक्के घेते. स्पीकर चार ओहमचा असेल तर अडीच एमएम घ्या.

जाड पारदर्शक वायरींत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या पुष्कळ असतात. एक तार ब्लेडने खरवडा, आत चंदेरी निघाली तर परत करा.

टोकाचं रबर एक सेंटिमीटरच सोला आणि तारा पीळ देऊन लावा. एक सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की रिसीव्हर "प्रोटेक्ट" दाखवून बंद पडतो. विजेच्या पाइपमधून ही वायर नेऊ नका. गुणगुण येते, आणि ते धोक्याचंही आहे. वेगळी पीव्हीसी पट्टी मारा.

११. गायकाचा आवाज मध्ये येण्याऐवजी खोलीभर पसरलेला येतो. स्पीकर खराब आहे का?

एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागले आहेत. दोन्ही स्पीकर आणि रिसीव्हर, चारही ठिकाणचे रंग तपासा. वायरीवर खूण नसेल तर स्पीकरकडची टोकं तशीच राहू द्या, रिसीव्हरकडची सोडवा, आणि त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या टोकाला होतं ते प्लस.

१२. सबवूफर कोपऱ्यात ठेवू का?

८० च्या क्रॉसओव्हरला चालतं, १२०-१५० ला नाही. साधारण ८०-१०० हर्ट्झच्या वर आवाज कुठून येतो हे कानाला कळू लागतं. त्यामुळे सॅटेलाइटचा सबवूफर टीव्हीच्या जवळ, पुढच्या भिंतीलाच हवा. सोफ्यामागे तर कधीच नको.

चौदा फुटांची लांबी ४० हर्ट्झला आणि बारा फुटांची रुंदी ४७ हर्ट्झला घुमते. पुढच्या भिंतीलगत दीड-दोन फूट डावी-उजवीकडे सरकवल्याने ती घुमघुम वाढते किंवा ओसरते. जागा शोधायची युक्ती: सबवूफर सोफ्यावर तुमच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि पुढच्या भिंतीलगत कान खाली धरून रांगा. जिथे खालचे सूर एकसारखे ऐकू येतील तिथे सबवूफर. घरातले हसतील, हसू द्या.

खाली कुणी राहत असेल तर सबवूफरच्या पायांखाली जाड रबर घाला आणि रात्री रिसीव्हरचा नाइट मोड लावा.

१३. सिनेमात संवादच कळत नाहीत.

आधी सेंटर स्पीकर पाहा. तो टीव्हीखाली गुडघ्यांकडे तोंड करून असेल तर पुढच्या बाजूला रबराची पाचर लावून कानाकडे वळवा, आणि फळीच्या अगदी कडेवर आणा. मग सेंटरची पातळी २-३ डेसिबल वाढवा.

तरी नाही? मग दोष खोलीचा. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टर्रर्र असा शेपटीचा आवाज आला तर गुळगुळीत टाइल्स आणि उघड्या भिंती शब्द पुसून टाकताहेत. जाड सतरंजी, चुण्यांचा पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. नवीन स्पीकरपेक्षा हे स्वस्तही आणि जास्त गुणकारीही.

आडव्या सेंटरमध्ये दोन कोन आणि मध्ये ट्वीटर असेल, तर सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला आवाज काही ठिकाणी खचलेला येतो. तो त्या रचनेचाच दोष, दुरुस्त होत नाही.

१४. चालू केल्याबरोबर सबवूफरमधून "हूंऽऽ" असा आवाज येतो.

रिसीव्हरकडून आलेली पिन सबवूफरमधून काढा. आवाज थांबला तर दोष सबवूफरचा नाही. आता टीव्हीची केबल किंवा डिशची वायर काढून पाहा, बहुतेक वेळा अर्थिंगचा फेरा तिथूनच असतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या. प्लगची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. गुणगुण जाईल, पण जिवाला धोका होईल.

१५. जुन्या डीव्हीडी सेटचे सॅटेलाइट नव्या रिसीव्हरला लावता येतील का?

पाठीवरचा ओहमचा आकडा वाचा. अशा सेटचे स्पीकर अनेकदा ३ ओहमचे असतात आणि रिसीव्हर ६ किंवा फार तर ४ ओहमपर्यंत सोसतो. हळू आवाजात चालल्यासारखं वाटतं, पण मे महिन्यात, बंद टीव्ही युनिटमध्ये, अर्ध्या सिनेमात रिसीव्हर गरम होऊन बंद पडतो. (रिसीव्हरच्या वर चार-पाच इंच मोकळी हवा तशीही हवीच.)

एक फसवा अपवाद आहे. काही सेटमध्ये सॅटेलाइटच्या वायरी आधी बासच्या खोक्यात जातात आणि तिथून पुढे येतात. त्या खोक्याला विजेचा प्लगच नसतो. अशा वेळी प्रश्न ४ उलटा करायचा: पुढचे स्पीकर "लार्ज", सबवूफर "नाही". "स्मॉल" ठेवलंत तर खालचे सूर त्या खोक्यापर्यंत पोचतच नाहीत.

१६. माइकने आपोआप सेटिंग केलं. त्याने सबवूफरचं अंतर १८ फूट दाखवलं, हॉल तर १४ फुटांचा!

तसंच राहू द्या. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाज थोडा उशिरा निघतो आणि यंत्र तो उशीर फुटांत मोजतं. पट्टीने मोजून ते दुरुस्त केलंत तर सांधा बिघडेल. पण त्याच यंत्राने सॅटेलाइट "लार्ज" ठरवले असतील किंवा क्रॉसओव्हर ८० दिला असेल, तर ते मात्र हाताने बदला. माइक ठेवताना तो कानाच्या उंचीला, स्टँडवर हवा, सोफ्याच्या पाठीवर नको. आणि मोजणी होईपर्यंत पंखा, कूलर बंद.

१७. वायरलेस घेतले तर वायरीची कटकटच नको ना?

सिग्नलची वायर जाते, विजेची राहते. प्रत्येक स्पीकरला प्लग लागतो. मागच्या भिंतीला बोर्ड नसेल तर कटकट तेवढीच. साध्या ब्लूटूथचे स्पीकर सिनेमाला मागे लावू नका, ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

१८. जुने सॅटेलाइट स्वस्तात मिळताहेत. काय तपासू?

कोनच्या कडेची गोल पट्टी. फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा. चिकट लागली किंवा भुगा सुटला तर सोडून द्या, दहा-पंधरा वर्षांत फोम मरतोच आणि आपल्याकडचा पावसाळा त्याला हातभार लावतो. रबराची पट्टी टिकते. मग दोन्ही अंगठ्यांनी कोन सरळ आत दाबा. खरखर आली तर आतली कॉइल घासतेय. ट्वीटरला कान लावून ऐका, तो मुका असेल तर आधीच्या मालकाने छोट्या अँप्लिफायरला कुवतीबाहेर पिळून तो जाळलेला असतो. आणि एकटा-दुकटा स्पीकर घेऊ नका, पाचही एकाच सेटचे असतील तरच पैसे मोजा.